डोळे मिटून पाहिलेल्या शस्त्रक्रिया

मी उंच आहे. ट्यूबलाइट बदलायला मला स्टूल लागत नाही.

'यकृत' हा शब्द आमच्या सासूबाई इतक्या मायेने उच्चारतात, की नवख्याला वाटावं हा त्यांचा धाकटा भाचा असावा.

टोमॅटो चिरताना मी दुसरीकडे बघतो.

डोळ्यांच्या इस्पितळात बाहेर बसलेल्यांसाठी ठेवलेली मासिकं सगळ्यात बारीक टायपात छापलेली असतात.

माझ्या डाव्या भुवईच्या वर एक व्रण आहे. कसा झाला असं कुणी विचारलं, तर मी 'शस्त्रक्रियेच्या वेळी' असं सांगतो. ते खरं आहे. शस्त्रक्रिया कुणाची, हे कुणी विचारत नाही.

आमच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक टाळ्या वाजवत नाहीत. मुलं शेफारतात, असं त्यांचं मत. त्यांनी एकदा वाजवल्या. माझ्यासाठी. एका ट्रक ड्रायव्हरच्या प्लीहेबद्दल.

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं म्हणजे सुई हवी, आणि सुई म्हटलं की मला जरा पाणी प्यावं लागतं.

तर.

सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक बॅग, एक उशी आणि एक मालिका आली. बॅग कपाटावर गेली, उशी पलंगावर गेली, मालिका मात्र रोज संध्याकाळी दिवाणखान्यातच राहिली. खरं इस्पितळ, खरे डॉक्टर, खरे रोगी, आणि मुख्य म्हणजे खरी पोटं. दुसऱ्या वाहिनीवर डॉक्टरांचीच एक कथामालिका लागायची. तिच्यात देखणे डॉक्टर व्हरांड्यात उभे राहून एकमेकांच्या बायकांवर प्रेम करत. बायकोला ती आवडायची. सासूबाईंनी ती एकदाच पाहिली आणि म्हणाल्या, "हे लोक हात कधी धुतात?" संपलं.

दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय याची उत्सुकता माणसाला जन्मजात असते. शेजार ही संस्था याच पायावर उभी आहे. तेव्हा अशा मालिका लोक का बघतात, यावर मी कधी फार विचार केला नाही. सासूबाईंना आवडतं, बघतात. मी त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचो. आमचे डबे त्या काळात फार स्वच्छ असत.

अडचण अशी, की मालिका परक्या भाषेत होती आणि आपल्या भाषेतला मजकूर पडद्याच्या तळाशी पट्टीवर यायचा. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आजकाल पट्ट्या पुसट छापतात." मग म्हणाल्या, पट्ट्या हलतात. मग खुर्ची पुढे सरकली. आणखी पुढे सरकली. शेवटी टीव्ही आणि सासूबाई यांच्यामध्ये फक्त नाक उरलं, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"जावईबापू, तेवढं वाचून दाखवता का?"

बायको संध्याकाळी शिकवण्यांना जाते. घरात मी आणि स्वच्छ डबे. नाही कसं म्हणणार? मी सोफ्यावर बसलो आणि खणखणीत आवाजात पहिली पट्टी वाचली, "आता आपण पोट उघडू."

माझे डोळे मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. दुकानाचं शटर पडतं तसे.

"पुढे?" सासूबाई म्हणाल्या.

"पुढे… डॉक्टर हातमोजे घालतायत."

"मघाशी घातले होते ना?"

"हा दुसरा हात."

इथे मी प्रामाणिकपणे सांगू शकलो असतो, की आई, मला रक्त बघवत नाही. पण मी या घराचा जावई आहे. सहा फुटांचा माणूस टोमॅटोला घाबरतो, हे सासुरवाडीला कळायची गरज नसते. मी बोलत राहिलो. आणि काय सांगू, जमायला लागलं.

*

(मागील भागात आपण ऐकलं: वृद्ध सासू, जिला दिसत नाही, जावई, जो बघत नाही, आणि टीव्ही, ज्याला कुणी विचारत नाही.)

*

थोड्याच दिवसांत माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे एक अख्खं इस्पितळ उभं राहिलं. मोठे डॉक्टर पांढऱ्या मिशांचे होते.

"तोंडावर फडकं असतं ना? मिशा कशा दिसल्या?" सासूबाईंनी विचारलं.

"बाहेर आल्यात," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी."

भूल देणारे डॉक्टर स्वभावाने दुःखी. आयुष्यभर एकच सल, की आपण बोलायला लागलो की समोरचा झोपतो. त्यांची मुलगी गाणं शिकायची आणि त्यांना तिच्या कार्यक्रमाला कधी वेळेवर पोचता यायचं नाही. शस्त्रक्रियांचा माझा घाटही ठरून गेला. सुरुवातीला सगळं ठीक. मग ठोके मंदावत. सगळे घाबरत. मोठे डॉक्टर मात्र शांत. मग ठोके पूर्ववत, आणि सगळ्यांसाठी चहा. माझ्या इस्पितळात कुणी दगावलं नाही. एवढी सोय स्वतःच्या हातात असताना माणूस दुसऱ्याला कशाला मारेल?

समोरच्या वहिनी एकदा विरजण मागायला आल्या आणि ठोके मंदावलेले ऐकून तिथेच बसल्या. दुसऱ्या दिवशी सोलायच्या शेंगा घेऊनच आल्या. मग आवाज कसला येतोय हे बघायला मुख्याध्यापक आले. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून बसले.

वहिनींचे डोळे ठणठणीत. एकदा त्या म्हणाल्या, "पण खाली तर काहीतरी वेगळंच लिहिलंय."

"खालचं वाचू नका," मुख्याध्यापक म्हणाले. "भाषांतर भिकार आहे."

"अहो पण तो माणूस तर—"

"वहिनी," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही शेंगा सोला."

त्याच संध्याकाळी ट्रक ड्रायव्हरची प्लीहा वाचली आणि टाळ्या पडल्या. मी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात होती आणि दारात बायको उभी होती. ती केव्हापासून उभी होती, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं, की बराच वेळ.

"अहो," स्वयंपाकघरात ती हळू आवाजात म्हणाली, "आईने आज चहा कपाच्या शेजारी ओतला. कपात नाही, शेजारी. आणि तुम्ही तिला गोष्टी सांगताय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, मोतीबिंदू. आधी उजवा काढू, मग डावा. सोपं काम आहे, पण फार थांबू नका, उशीर झाला की अवघड होतं. फार साधा माणूस. मिशा नव्हत्या.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "आहे तेवढं पुरे."

*

जाहिरात.

मुख्याध्यापक: "पिकू द्या. पिकल्याशिवाय काढू नये. आमच्या वेळी पिकवूनच काढायचे."

समोरच्या वहिनी: "माझ्या मामांचं झालं ना, दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला बसले. तेव्हापासून पेपर वाचून ओरडतात. आधी किती शांत होते."

कोपऱ्यावरचा औषधवाला: "थेंब देतो. आपोआप विरघळतो."

बायको: "असे थेंब असते, तर डॉक्टर काय गोट्या खेळत बसले असते?"

जाहिरात संपली.

*

रात्रीच्या जेवणानंतर मी सासूबाईंना विचारलं, की आई, रोज इतक्या शस्त्रक्रिया आवडीने ऐकता, मग स्वतःची का नको? डोळा म्हणजे केवढासा.

त्या टेबलावरची धान्याची कणी बोटाने चाचपत होत्या. दिसत नव्हती, पण सोडतही नव्हत्या.

"ह्यांना नेलं ना," त्या म्हणाल्या, "ते एका दारातून. दार लागलं. उघडलं तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. मधलं मला कधी बघायलाच मिळालं नाही. बाहेर सांगणारे सांगत होते. दाखवलं कुणी नाही. म्हणून मी हे बघते. आत काय करतात, कसे उभे राहतात, घाई करतात की नीट करतात." मग कणी सापडली. "आता मला त्या दारातून जायला सांगू नका."

सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मला वाटत होतं, म्हातारीला करमणूक हवी. मी ट्यूबलाइटकडे बघितलं. ती नीट चालू होती.

दुसऱ्या दिवसापासून मी पडद्यावर काहीही असो, सांगताना फक्त डोळ्यांच्या शस्त्रक्रिया सांगू लागलो. पांढऱ्या मिशा रातोरात नेत्रतज्ज्ञ झाल्या. एका गवंड्याला दिसू लागलं, एका शिक्षिकेला दिसू लागलं, एका न्हाव्याला तर इतकं दिसू लागलं, की त्याची जुनी गिऱ्हाइकं तोंड लपवू लागली. एके दिवशी मात्र पडद्यावर गुडघा बदलण्याचा कार्यक्रम होता, आणि त्यात हातोडी वापरतात हे मला ठाऊक नव्हतं. ठक. ठक. ठक.

"हा आवाज कसला?" सासूबाईंनी विचारलं.

"शेजारच्या खोलीत फर्निचरचं काम निघालंय."

"ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी?"

"तेच," मी म्हणालो. "मोठे डॉक्टर भयंकर चिडलेत."

मुख्याध्यापकांचे खांदे हलत होते. मग सासूबाई म्हणाल्या, "त्या डॉक्टरांकडे बाहेर नातेवाइकांसाठी टीव्ही लावलाय म्हणे. आतलं सगळं दिसतं."

"हो, आहे खरा."

"मग तुम्ही तिथे बसाल? बघाल? आणि मला नंतर सगळं सांगाल?"

"सांगेन."

"बघून," त्या म्हणाल्या.

"बघून."

"मग करते मी."

बायकोने त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं, त्यामुळे माघार घ्यायचा प्रश्नच राहिला नाही. मी टोमॅटोपासून सराव सुरू केला.

*

या मालिकांमध्ये एक मोठी लबाडी असते, ती मला तेव्हा कळली. रोगी दारातून येतो तो थेट टेबलावर. मधली खिडकी कधी दाखवत नाहीत. आम्ही त्या खिडकीवर गेलो. आत बसलेल्या बाई म्हणाल्या, डोळ्याच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांची संमती आणा. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, पण तो हलणारा दात काढून घ्या, मग सही देतो. दाताचे डॉक्टर म्हणाले, या वयात दात काढायचा तर आधी हृदयवाल्यांची सही लागेल.

मी पुन्हा खिडकीवर गेलो. "म्हणजे दाताला हृदय हवं, हृदयाला दात नको, आणि दोघांचं मिटल्याशिवाय डोळा नाही."

"बरोबर समजलात," बाई म्हणाल्या. "बहुतेकांना वेळ लागतो."

मी वजनदार आवाजात माझ्या कार्यालयातल्या हुद्द्याचा उल्लेख केला. बाईंनी माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. घरी येऊन मी तक्रारीचा मसुदा मनात जुळवत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी टोस्टचा तुकडा तोडला आणि दात बशीत पडला. आपणहून. सगळी यंत्रणा जिथे अडली होती ती गाठ एका टोस्टने सोडवली. औषधवाला आजही श्रेय मागतो, कारण टोस्ट त्याच्याच दुकानातला होता.

*

शस्त्रक्रियेचा दिवस. सकाळ. सासूबाईंना हिरवा झगा आणि डोक्याला टोपी घातली होती. बायको दाराशी थांबली, कारण आत जाईपर्यंत हात धरायला ती हवी होती. मी बाहेरच्या खोलीत. भिंतीवर टीव्ही. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारे शिंपी, बायकोला न्यायला आलेले, चष्मा घरी विसरलेले. उजव्या हाताला कार्यालयात जायच्या कपड्यांतली एक मुलगी, तिचे वडील आत. मध्ये काचेचं टेबल आणि त्यावर बारीक टायपातली मासिकं. आत एकामागून एक रोगी जात होते आणि पडद्यावर कुणाचा डोळा आहे हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी ठरवून पडद्याकडे बघितलं. डोळा होता. माणसाशिवाय नुसता डोळा, टेबलाएवढा. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मग कडेने काहीतरी चमकतं पुढे आलं, आणि शटर पडलं.

"काय चाललंय हो?" शिंप्यांनी विचारलं.

गिरणीचा पट्टा एकदा फिरायला लागला की दाणे आहेत की नाहीत हे बघत नाही. माझं तोंड सुरू झालं. "सगळं ठीक आहे. डॉक्टर पुढे झाले. आता… आता ठोके मंदावलेत."

"कुणाचे?" मुलीने विचारलं.

"रोग्याचे. घाबरायचं काम नाही, मंदावतातच."

"माझे बाबा आहेत आत," ती म्हणाली, आणि खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला.

पुढचं मी फक्त ऐकलं. ती फोनवर काकांना सांगत होती, की बाबांचे ठोके मंदावलेत. काका फोनमधून सांगत होते, की ताबडतोब मोठ्या इस्पितळात हलवा, मी गाडी पाठवतो. शिंपी मला विचारत होते, की आपली बायको पण त्याच खोलीत आहे का. पहारेकरी आला. परिचारिका आली.

"ठोके मंदावले असं कोण म्हणालं?"

डोळे मिटलेले असूनही सगळी बोटं माझ्याकडे वळल्याचं मला कळलं.

"आपण डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग तुम्हाला ठोके कुठे दिसले?"

प्रश्न रास्त होता. पुराव्याशिवाय बोलणारा माणूस अशी माझी ख्याती होऊ देणं बरं नव्हतं. निदान एखादा आकडा, एखादी रेघ सापडेल म्हणून मी ताठ उभा राहिलो आणि दोन्ही डोळे उघडून पडद्याकडे बघितलं.

तपकिरी डोळा होता, कडेला राखाडी वर्तुळ. मधला ढग कुणीतरी अगदी हळू, अजिबात घाई न करता बाजूला करत होतं, आणि त्याच्या खालून काळाभोर, स्वच्छ, विहिरीच्या तळासारखा गोल उघडत होता. मी बघत होतो. खरंच बघत होतो. मग टेबल वर आलं. वास्तविक मी खाली गेलो होतो, पण उंच माणसाला ते तसंच दिसतं.

"आता हे काय चाललंय हो?" शिंपी म्हणाले.

*

शुद्धीवर आलो तेव्हा मलमपट्टीच्या खोलीत होतो. भुवईला ओला बोळा. मुलीचे वडील बाहेर आले होते आणि आपल्याला न विचारता कुणी गाडी बोलावली म्हणून मुलीवर डाफरत होते. ठोके चांगलेच होते.

"टाके घालावे लागतील," तरुण डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही उभे राहून बघत होतात तो तुमच्याच पेशंटचा डोळा होता. छान झालं त्यांचं."

दारातून सासूबाई आल्या. उजव्या डोळ्यावर पांढरी वाटी चिकटवलेली, एका हाताला बायको. बायकोचा चेहरा मी पहिल्या भेटीपासून ओळखतो. हसू दाबताना तिचं नाक लाल होतं. ते लाल झालं होतं.

"जावईबापू कुठे आहेत?" सासूबाईंनी विचारलं.

"इथे," मी क्षीण आवाजात म्हणालो. "आडवा."

त्यांनी स्टूल चाचपलं, बसल्या, माझा हात शोधून धरला. "मिटा डोळे," त्या म्हणाल्या. "मी सांगते."

मी मिटले.

"डॉक्टर हातमोजे घालतायत. एक घातला. आता दुसरा. सुई अजून कुठेच नाही. डॉक्टरांना मिशा आहेत."

"नाहीयेत हो, आजी," डॉक्टर म्हणाले.

"पांढऱ्या आहेत. खिडकीत एक चिमणी बसलीये. ती आत बघतेय. आता ठोके जरा मंदावलेत, पण डॉक्टर शांत आहेत."

"मी शांतच आहे," डॉक्टर म्हणाले. काहीतरी टोचलं.

"हे काय?" मी विचारलं.

"शेजारच्या खोलीत," सासूबाई म्हणाल्या, "फर्निचरचं काम चाललंय."

उजवा डोळा वाटीखाली आणि डाव्यात अजून अख्खा मोतीबिंदू. त्यांना त्या खोलीतलं काहीही दिसत नव्हतं. नंतर मी बघितलं, खिडकीसुद्धा नव्हती.

*

वाटी काढली तेव्हा सासूबाईंनी आधी आपल्या लेकीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग माझ्याकडे. "केवढे म्हातारे झालात हो," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, की या घराला रंग देऊन किती वर्षं झाली. डोळा उत्तम चालू झाला होता.

संध्याकाळी मालिका लागली. सासूबाई खुर्ची मागे घेऊन बसल्या आणि प्रत्येक पट्टी स्वतः वाचू लागल्या. वहिनींनी शेंगा आणल्या होत्या, पण सोलत नव्हत्या. मुख्याध्यापकांनी खुर्ची टीव्हीकडे करावी की माझ्याकडे, हे न ठरल्याने ती भिंतीकडे केली होती. मी सोफ्यावर भुवईची पट्टी सांभाळत निकालाची वाट बघत बसलो. पडद्यावरची मोठी डॉक्टर एक बारीकशी तरुण बाई निघाली, हे मला मागाहून कळलं.

बराच वेळ गेला.

"पांढऱ्या मिशा," सासूबाई म्हणाल्या, "आज रजेवर दिसतात."

"हो," मी म्हणालो. "गावाला गेलेत."

"असं." त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. "मग माझ्या वेळचं सांगा ना. अजून सांगितलंच नाहीत."

वहिनींनी पहिली शेंग मोडली. मुख्याध्यापकांची खुर्ची माझ्या दिशेने वळली.

मी डोळे मिटले. "तपकिरी डोळा होता," मी म्हणालो. "कडेला राखाडी वर्तुळ. कुणी घाई करत नव्हतं."

"हे खरं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. "मग?"

"मग ठोके मंदावले."

"डोळ्याच्या शस्त्रक्रियेत?"

"थोडेसेच."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत नीट मागे टेकल्याचा आवाज आला. "सांगा."

सासऱ्यांना ज्या दारातून नेलं, त्याला वरच्या बाजूला एक गोल काच होती. ती सासूबाईंच्या डोक्याच्या वर होती. त्या दिवशी आत काय दिसतंय, ते मी त्यांना सांगत होतो. डोळे मिटून.